भिशीच्या बायका आणि 'बधाई दो'

८ फेब्रुवारी २०२२ची भिशी पुढे ढकलली गेली, कारण ६ तारखेला लतादीदी गेल्या. इंदूरमध्ये याचं स्पष्टीकरण कोणी मागत नाही. दीदींचा जन्म इथला, १९२९चा, शीख मोहल्ल्यातला. माझ्या सासूबाईंच्या भिशीत निदान तिघी अशा आहेत, की तो मोहल्ला आपल्या माहेरच्या वाटेवर लागायचा हे दर सप्टेंबरात न चुकता सांगतात. आठवड्यानं, मंगळवारी १५ तारखेला बायका जमल्या तेव्हा रडून रडून थकल्या होत्या. "काहीतरी हलकं बघू," असं ठरलं, आणि हलकं म्हणून निवडला गेला 'बधाई दो'. २०१८चा 'बधाई हो' सगळ्यांनी पाहिलेला, त्यातल्या उतारवयात दिवस गेलेल्या बाईवरून महिनाभर हसणं झालेलं. नाव तेच, म्हणजे हा पुढचा भाग असणार. तिकिटं मी काढली. सिनेमा कशावर आहे ते मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.

मी एका शाळेत समुपदेशक आहे. प्रकरण लिहिणं हा कामाचा भाग, पण तिथे एक मूल असतं, फार तर त्याचे आईवडील. इथे माझ्यासमोर बारा बायका होत्या, दोन रांगांत बसलेल्या, आणि मी त्यांना फसवून आणलं होतं असंही म्हणता येईल. त्या रात्री मी जे आठवलं ते वहीत लिहून ठेवलं आणि पुढे अडीच वर्षं त्यात भर घालत गेले. लिहू का, असं बाराही जणींना नंतर विचारलं. नावं नकोत, या अटीवर सगळ्या हो म्हणाल्या. एकीनं आणखी एक अट घातली: "माझा मुलगा कुठल्या गावात असतो ते नको लिहू." ते लिहिलेलं नाही.

वयं ५४ ते ७६. दोघी निवृत्त शिक्षिका, एक बँकेतून निवृत्त झालेल्या ताई, एक भंवरकुआँकडे कोचिंगच्या मुलांना डबे पुरवणाऱ्या मावशी, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, असा पसारा. सगळ्यांची मराठी इंदूरची. "काय करून राहिली?" "येऊन राहिले ना." पुण्याच्या लग्नात ही मराठी ऐकून लोक गालात हसतात आणि या बायकांना ते कळतं. आपण बोललो की लोक एकमेकांकडे बघतात, हा अनुभव त्यांना नवा नाही. पुढे जे घडलं त्यात याचा वाटा होता असं मला वाटतं, सिद्ध काही करता येणार नाही.

अंधारात

मास्कचे दिवस होते. पुढच्या रांगेत सहा, मागच्या रांगेत सहा आणि टोकाला मी. आमच्या मागे कॉलेजची सात-आठ मुलं, बाकी हॉल अर्धा रिकामा. पडद्यावर दिग्दर्शकाचं नाव हर्षवर्धन कुलकर्णी असं आलं तेव्हा सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "कुलकर्णी आहे हो." एवढ्यावर सिनेमाला घरात प्रवेश मिळाला.

गोष्ट थोडक्यात सांगते. डेहराडूनचा एक पोलीस, शार्दूल. शाळेत पी.टी. शिकवणारी सुमी. दोघांच्याही घरी लग्नाचा धोशा. त्याला पुरुष आवडतात, तिला बायका. घरच्यांची तोंडं बंद करायला दोघं एकमेकांशी लग्न करतात आणि पोलीस क्वार्टरमध्ये खोलीतले जोडीदार म्हणून राहू लागतात. मग सुमीच्या आयुष्यात पॅथॉलॉजी लॅबमधली रिमझिम येते, आणि पुढे शार्दूललाही एक वकील भेटतो.

पहिला अर्धा तास सगळ्या मनापासून हसल्या. स्थळं बघणं, नातेवाइकांचे टोमणे, वय उलटून चाललंय हो. यातलं त्यांना काय शिकवायचं? मग शार्दूल सुमीला आपलं गुपित सांगतो. मागची मुलं फिस्सकन हसली. आमच्या रांगा गप्प झाल्या. आणि पुढच्या रांगेतल्या सहापैकी चार माना मागे वळल्या. त्यांनी आम्हा मागच्या रांगेकडे पाहिलं, क्षणभर, आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. सिनेमाभर हे होत राहिलं. काही नाजूक आलं की आधी शेजारणीकडे बघायचं, तिचा चेहरा काय म्हणतो ते पाहायचं, मग आपला ठरवायचा. मास्कमुळे चेहरा अर्धाच दिसत होता, त्यामुळे बिचाऱ्यांना डोळ्यांवरून अंदाज बांधावा लागत होता.

मुलांच्या हसण्याबद्दल एक सांगायला हवं. ते विनोदाच्या आधीच येत होतं. पडद्यावर दोन पुरुष नुसते शेजारी बसले तरी मागून खुसखुस. ही सवय लावलेली आहे. २००३च्या 'कल हो ना हो'मधली कांताबेन आठवते ना? दोन तरुणांना एकत्र बघून तिच्या छातीत धस्स होतं, आणि अख्खं थिएटर हसतं. २००८च्या 'दोस्ताना'नं त्याच विनोदावर पूर्ण सिनेमा उभा केला. आमच्या बायकाही कांताबेनला हसल्या होत्याच, मीही हसले होते. पण त्या दिवशी मागची मुलं हसायला लागली की आमच्यातल्या काही जणी अवघडून खुर्चीत सरकायच्या. बँकेतल्या ताई इंटरव्हलमध्ये म्हणाल्या, "ह्यांना काय दाखवून राहिले आणि हे काय बघून राहिले."

सुमी आणि रिमझिम जवळ आल्या की वेगळाच आवाज यायचा: पर्सच्या चेनचा. झर्रकन उघडायची, आत काहीतरी शोधायचं, बडीशेप, रुमाल, मोबाइल, काहीही. प्रसंग संपला की चेन बंद. उठून कोणी गेलं नाही. एक काकू मात्र नेमक्या अशाच वेळी बाथरूमला गेल्या, परत आल्या आणि शेजारणीला विचारलं, काय झालं? शेजारीण कुजबुजली, "ती लॅबवाली आता ह्यांच्याकडेच राहायला आली." तिच्या आवाजात संकोच नव्हता. शेजारच्या बिऱ्हाडात कोण आलं-गेलं हे ज्या आवाजात सांगतात, तोच आवाज. मी वहीत या वाक्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

मग सासू राहायला येते. म्हणजे शार्दूलची आई, सून-मुलाच्या क्वार्टरमध्ये. बारापैकी नऊजणी स्वतः सासवा, त्यामुळे सगळ्या सावरून बसल्या. आणि त्या आईला एक दिवस सुमी-रिमझिम नको त्या अवस्थेत दिसतात. कोणीतरी "अगंबाई!" म्हणालं. हॉलभर सन्नाटा, आणि त्यात डबेवाल्या मावशींचा खणखणीत आवाज: "कडी लावायची ना!"

सगळे हसले. मागची मुलंसुद्धा, आणि या खेपेला आमच्याबरोबर. मावशी स्वतः दचकल्या, मास्क वर ओढला. मी त्या वाक्यावर खूप विचार केला आहे. नऊ सासवांतली एक सासू, पडद्यावरच्या सासूला धक्का बसलेला, आणि हिच्या तोंडून सल्ला निघाला तो त्या दोघींसाठी! विचार करून बोलली असती तर बोललीच नसती.

शार्दूल घरच्यांसमोर कबुली देतो तेव्हा पर्सचे आवाज बंद होते. समलिंगींच्या प्राइड मिरवणुकीच्या बंदोबस्तावर असताना तो चेहऱ्यावर इंद्रधनुष्याच्या रंगांचा मास्क चढवतो. आमच्या रांगेतल्या एकीनं स्वतःचा मास्क खाली करून नाक पुसलं. किती जणी रडल्या ते मी मोजलं नाही. टोकाच्या खुर्चीवरच्या काकू, ज्यांनी मुलाचं गाव लिहू नको म्हणून सांगितलं त्या, रडल्या नाहीत. हात मांडीवर, नजर समोर. त्यांची मान मात्र एकदाही वळली नाही.

उजेडात

नंतर चहा आणि गराडू, म्हणजे आमच्याकडचा तळलेला कंद. मला वाटलं होतं दोघी-तिघी तरी माझ्यावर भडकतील. भडकल्या त्या पूजेवर.

सिनेमाच्या शेवटी दत्तक बाळाच्या पूजेला सुमी आणि शार्दूलच्या जोडीनं त्यांची माणसंही येऊन बसतात. यावर पाऊण तास वाद झाला. एकीचं म्हणणं, पूजेला नवरा-बायकोच बसणार, बाकीच्यांनी नमस्कार करावा. दुसरीचं, बाळ ज्यांचं ते बसणार, आणि बाळ चौघांचं. मग निवृत्त शिक्षिका काकूंनी खरा प्रश्न काढला: "पण संकल्पाला हाताला हात कोण कोणाच्या लावणार?" यजमान पाणी सोडतो तेव्हा बायकोनं त्याच्या हाताला हात लावायचा असतो, हे आपल्याकडे घरोघरचं. एका चटईवर चौघं असतील तर? कोणी म्हणालं, साखळी करायची. कोणी म्हणालं, दोन संकल्प करायचे, गुरुजींना दक्षिणा दुप्पट. हे सगळं गंभीरपणे चाललं होतं. मी मध्ये पडले नाही. चूक की बरोबर हा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. व्यवस्था कशी लावायची यावर त्या पोचल्या होत्या, आणि एकदा व्यवस्थेवर आल्या की या बायकांना कोणी अडवू शकत नाही.

शब्द मात्र कोणाच्या तोंडी आला नाही. 'समलिंगी' हा वर्तमानपत्रातला शब्द, चहाच्या टेबलावर जड होतो. "तो तसा," "ती दोघं," "त्यांचं ते," असं चाललं होतं. ७६ वर्षांच्या आजींनी मला हळूच विचारलं, "गे म्हणजे काय गं? 'गे माय'मधलं?" मी समजावलं. त्या म्हणाल्या, "हां, मग आमच्या वाड्यात एक होते," आणि पुढे काही बोलल्या नाहीत.

बँकेतल्या ताईंना हिशेब पडला होता. बाळ कायद्यानं कोणाचं? दत्तक घ्यायला जोडप्याचं लग्न किमान दोन वर्षं टिकलेलं लागतं आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही, हे मी नंतर बघून त्यांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "म्हणजे ते खोटं लग्नच खऱ्या कामाला आलं." दुसऱ्या शिक्षिका काकूंना १९८२चा 'उंबरठा' आठवला. "त्यात नव्हतं का, आश्रमातल्या दोघींचं? तेव्हा आपण स्मिता पाटीलकडेच बघत बसलो." 'फायर'चंही नाव निघालं. शबाना आझमी-नंदिता दासचा, दोन जावांचा. १९९८च्या डिसेंबरात मुंबई-दिल्लीत थिएटरांची मोडतोड झाली, एवढं सगळ्यांना आठवत होतं. पाहिला कोणीच नव्हता.

परतताना गाडीत मी 'अलीगढ'बद्दल सांगितलं, २०१६चा, मनोज वाजपेयीचा. तोही कोणी पाहिला नव्हता. प्राध्यापक रामचंद्र सिरस अलीगढच्या विद्यापीठात मराठी शिकवायचे, कविता लिहायचे. फेब्रुवारी २०१० मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, विद्यापीठानं त्यांनाच निलंबित केलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून दिल्ली उच्च न्यायालयानं ते वगळल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एप्रिलच्या सुरुवातीला अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं आदेश दिला आणि लगेच, ७ एप्रिलला, ते घरात मृतावस्थेत सापडले.

गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग डबेवाल्या मावशी: "मराठी शिकवायचे? तिकडे? एकटेच? जेवणाचं काय करत असतील?"

महाराष्ट्राबाहेर मराठीत राहणं म्हणजे काय, हे या बायकांना कोणी सांगायला नको. सिनेमाच्या डेहराडूनपेक्षा हे अलीगढ त्यांना जवळचं वाटलं, निदान त्या वीस मिनिटांत.

११ मार्चला 'बधाई दो' नेटफ्लिक्सवर आला. दोघींनी तो पुन्हा पाहिला. त्यातल्या एक माझ्या सासूबाई. "टीव्हीवर नको, मोबाइलवर लावून दे," म्हणाल्या. सासरे शेजारच्या खोलीत बातम्या बघत होते. कानात इयरफोन, दार लोटलेलं. मी चहा द्यायला गेले तर रडत होत्या. थिएटरमध्ये त्या रडल्या नव्हत्या, हे मला पक्कं आठवतं. माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

न विचारलेला प्रश्न

इथवर हे प्रकरण मी आनंदानं लिहिलं असतं आणि एखाद्या कार्यशाळेत वाचूनही दाखवलं असतं. पण पुढचं आहे.

टोकाच्या खुर्चीवरच्या काकूंचा मुलगा तेव्हा ३८ वर्षांचा. चांगली नोकरी, परगावी एकटा राहतो, लग्न नाही. अनेक वर्षं दर भिशीत त्यांना एक प्रश्न ठरलेला असे: "काय गं, जमलं का कुठे?" मग कोणी भाचीचा बायोडाटा काढायचं, कोणी पत्रिकेचं विचारायचं. काकू कंटाळायच्या, उत्तर द्यायच्या, "बघून राहिलो," आणि विषय खिचडीवर न्यायच्या.

मार्चच्या भिशीत हा प्रश्न आला नाही. माझ्या लक्षात आलं नाही. एप्रिलमध्ये आलं. मे महिन्यात मी मुद्दाम कान देऊन बसले. बायोडाटे थांबले होते. कोणी काही ठरवलं नव्हतं, बैठक झाली नव्हती, तरी बाकीच्या अकराच्या अकरा जणींनी एकाच महिन्यात तोंड मिटलं होतं. घरी येताना सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "आता कसं विचारायचं गं?"

आता म्हणजे सिनेमानंतर. त्या मुलाबद्दल कोणाकडे काडीचीही माहिती नव्हती. लग्न न करण्याची छप्पन्न कारणं असतात. पण सिनेमानं या बायकांच्या हातात एक नवी ओळख दिली होती, आणि ती लावून बघायला समोर एकच अविवाहित होता. खरं सांगायचं तर तो त्या दिवशी थिएटरमध्येच माझ्याही मनात आला होता. काकूंची मान वळली नाही हे मी टिपलं, ते काय उगाच?

ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या सुमाराला, काकू नारळीभाताचा डबा द्यायला आल्या आणि बसल्या. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, "विचारायच्या तेव्हा राग यायचा गं. आता विचारत नाहीत, तर वाटतं ह्यांनी आपापसात उत्तर ठरवून टाकलं. मला माहीत नाही, आणि ह्यांना माहीत आहे."

मी म्हटलं, तुम्ही त्याला विचारलं का?

"सिनेमातला मुलगा सांगतो तरी. हा सांगत नाही, मी विचारत नाही. फोनवर रोज बोलतो आम्ही. जेवलास का, जेवलीस का."

माझ्या धंद्यात अशा वेळी बोलायची वाक्यं तयार असतात. एकही बोलले नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप दुसऱ्याचा आहे. आधी सांगून नेलं असतं तर दोघी-तिघी आल्याच नसत्या, आणि त्या न आलेल्यांत कदाचित काकू असत्या. त्यांना तो सिनेमा बायकांच्या गराड्यात बघावा लागला. सगळ्या एकमेकींचे चेहरे वाचत होत्या, आणि त्यात त्यांचाही वाचला गेला.

सिनेमा स्वीकारला गेला का, असं कोणी मला विचारलं तर मी काय सांगू? हसल्या, रडल्या, पूजेच्या चटईवर चौघांना जागा करून दिली. आणि आपल्यातल्याच एकीला त्यानंतर काहीतरी झाल्यासारखं जपू लागल्या. त्यांच्या गप्प राहण्यात मान किती आणि अंतर किती, हे मला आजही वेगळं करता आलेलं नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, काळजी. तीही असेल.

बँकेतल्या ताईंचं डोकं मात्र हिशेबातून निघालं नव्हतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. ताईंनी ती बातमी भिशीच्या ग्रुपवर टाकली. सोबत एक अक्षर नाही. चार अंगठे आले. काकूंचा नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी ताईंना फोन करून विचारलं, एकदा केलेलं नॉमिनेशन नंतर बदलता येतं का? ताई म्हणाल्या, कधीही, एक फॉर्म भरायचा. हे ताईंनी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी मला, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना ठाऊक झालं. त्या खात्यावर कोणाचं नाव होतं आणि कोणाचं हवं होतं, हे विचारायची सोय आता कोणालाच उरलेली नाही.

ऑक्टोबरच्या भिशीत दिवाळीला कोणाकडे कोण येणार याची चौकशी चालली होती. नेहमीप्रमाणे काकूंपाशी आल्यावर सगळ्या जणी पुढे सरकल्या. डबेवाल्या मावशी चिवड्याची वाटी हातात घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "काय गं, मुलगा येऊन राहिला ना दिवाळीला? एकटाच, की कोणी आहे बरोबर?"

'कोणी' म्हणाल्या. मराठीत या शब्दावरून बाई की पुरुष ते कळत नाही. मावशींनी तो मुद्दाम निवडला की तोंडात आला म्हणून बोलल्या, देव जाणे. कडीचं वाक्यही त्यांचंच होतं. खोलीत सगळ्या माना काकूंकडे वळल्या.

"विचारते आज," काकू म्हणाल्या. "फोन करायचाच आहे."